देखणे अडसर

एखाद्या इमारतीवर वाहन चालून येऊ नये म्हणून उभारलेल्या अडसराचे मुख्य काम अंतर राखणे हे असते. स्फोटाची लाट अंतराबरोबर झपाट्याने विरते. अंतर दुप्पट केले, तर दाब निम्म्याहून कितीतरी खाली येतो. त्यामुळे भिंत दुप्पट जाड करण्यापेक्षा स्फोटकांचे वाहन वीस-तीस मीटर लांब थोपवणे स्वस्त पडते आणि परिणामकारकही ठरते.

हा धडा जगाने फार मोठी किंमत मोजून घेतला. २३ ऑक्टोबर १९८३ रोजी बैरूत विमानतळाजवळ स्फोटकांनी भरलेला एक ट्रक काटेरी तारांचे कुंपण तोडून अमेरिकी मरीन सैनिकांच्या इमारतीत थेट तळमजल्यावर घुसला. त्यात २४१ अमेरिकी सैनिक ठार झाले. १९ एप्रिल १९९५ रोजी ओक्लाहोमा सिटीत तर ट्रकला काही तोडावेही लागले नाही. संघराज्य सरकारच्या नऊमजली इमारतीसमोर, दर्शनी भिंतीपासून जेमतेम काही मीटरवर तो रस्त्याच्या कडेला उभा केला होता. १६८ माणसे गेली. त्याआधी दोन वर्षे, १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत २५७ जणांचा बळी घेणारी स्फोटमालिका झाली. त्यातला पहिला स्फोट शेअर बाजाराच्या तळघरातील वाहनतळात झाला. बाहेरच्या भिंती कितीही भक्कम असल्या तरी तळघराचा उतार मोकळा असेल तर त्यांचा उपयोग नाही, हे तिथे दिसले.

पुढे धोक्याचे रूप बदलले. १४ जुलै २०१६ रोजी नीस शहरात समुद्रकाठच्या रस्त्यावर जमलेल्या गर्दीत १९ टनांचा ट्रक घातला गेला आणि ८६ जण मरण पावले. स्फोटके नव्हती, वाहनच शस्त्र झाले होते. तेव्हापासून इमारतीइतकाच तिच्यासमोरचा फुटपाथ, चौक आणि बाजारही राखण्याची गरज निर्माण झाली. अपघातांचाही प्रश्न आहेच. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पाय पडून गाडी दुकानात शिरणे ही रोजच्या जगण्यातली गोष्ट आहे. अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीच्या दारांत दिसणारे काँक्रीटचे मोठे लाल गोळे हे याच धोक्यावरचे उत्तर. लाल हा त्या दुकानाचा रंग असल्याने गोळे अडसर न वाटता दुकानाची ओळख वाटतात. लहान मुले त्यांच्यावर चढून बसतात.

अडसर किती भक्कम हवा, हे वाहनाच्या वजनापेक्षा वेगावर अधिक ठरते, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ६,८०० किलोचा ट्रक ताशी ४८ किलोमीटरने आला तर त्याची ऊर्जा सुमारे ६ लाख ज्यूल असते. तोच ताशी ८० किलोमीटरने आला तर ती १७ लाखांच्या आसपास जाते. म्हणून जाणता रचनाकार आधी वाहनाला वेग घेताच येऊ नये अशी जागेची मांडणी करतो आणि अडसराचा विचार नंतर. सरळ लांब रस्ता दाराशी आणायचा नाही, वळण द्यायचे, वाट अरुंद करायची. ही अक्कल जुनीच आहे. रायगडाचा महादरवाजा गोमुखी बांधणीचा आहे. दोन बुरुजांच्या कवेत, वळणाआड तो लपलेला आहे. शत्रूच्या हत्तीला धडक द्यायला लागणारी धाव तिथे मिळतच नसे. पुण्यात शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरचे अणकुचीदार खिळेही हत्तीच्या मस्तकाचा अंदाज घेऊन ठोकलेले आहेत. चार टनांचा हत्ती ताशी २५ किलोमीटरने धावत आला, तर त्याची ऊर्जा एक लाख ज्यूलच्या आसपास भरते. आजच्या अडसराला त्याच्या सतरापट धक्का सोसावा लागतो.

तो सोसतो की नाही, हे खरोखरचा ट्रक आदळूनच ठरवले जाते. अमेरिकी मानकानुसार वर सांगितलेल्या वजनाचा ट्रक ताशी ४८, ६४ किंवा ८० किलोमीटर वेगाने अडसरावर सोडतात आणि तो किती आत शिरला ते मोजतात. हे मोजमाप ट्रकच्या नाकापासून करत नाहीत. मालाच्या हौद्याची पुढची कड कुठवर पोहोचली ते पाहतात. कारण स्फोटके हौद्यात असतात. चालकाची केबिन चेंदामेंदा होऊन अडसरावरून पलीकडे गेली, तरी हौदा एक मीटरच्या आत थांबला असेल तर अडसर सर्वांत वरच्या श्रेणीत उत्तीर्ण होतो.

चाचणीत उतरणारा साधा खांब, म्हणजे बोलार्ड, वरून अगदी निरुपद्रवी दिसतो. पोलादी नळी, आत काँक्रीट आणि वर ओतीव लोखंडाची किंवा स्टेनलेस स्टीलची खोळ. लोकांना दिसते ती ही खोळ. तिला कोणताही आकार देता येतो आणि ट्रक थांबवण्याशी तिचा काही संबंध नसतो. खरी ताकद जमिनीखाली असते. मीटरभर खोल किंवा त्याहूनही खोल पाया, त्यात सळयांचा पिंजरा आणि भरभक्कम काँक्रीट. पुण्या-मुंबईत दुचाकी फुटपाथवर चढू नयेत म्हणून लावलेले खांब याच जातीचे वाटतात, पण त्यांचे काम तेवढेच आहे. ट्रकपुढे त्यांचा टिकाव लागणार नाही.

खोल पाया म्हटला की शहरात लगेच अडचण उभी राहते. फुटपाथखाली पाण्याच्या वाहिन्या, विजेच्या केबल, गटारे, कुठे कुठे मेट्रोच्या स्थानकाचे छत. अशा ठिकाणी उथळ पायाची पद्धत वापरतात. जेमतेम वीस-तीस सेंटिमीटर खोलीवर पोलादी चौकटींची जाळी पसरायची, सगळे खांब तिला जखडायचे आणि वरून काँक्रीट ओतून फरसबंदी करायची. एका खांबाला धडक बसली की शेजारचे खांब आणि वरच्या फरसबंदीचे वजन मिळून ती पेलतात. खांबांमधली मोकळी जागा १.२ मीटरहून जास्त ठेवत नाहीत, नाहीतर छोटी गाडी निसटते. फार कमीही ठेवून चालत नाही, कारण व्हीलचेअर, बाबागाडी आणि हातात पिशव्या घेतलेली माणसे तिथून रोज जाणार असतात. सुरक्षेच्या नावाखाली हे विसरले, तर अडसर नेमका ज्यांच्यासाठी उभारला त्यांचीच वाट अडवतो.

सौंदर्याचा प्रश्न ऐरणीवर आला तो वॉशिंग्टनमध्ये. ओक्लाहोमानंतर आणि पुढे २००१च्या सप्टेंबर हल्ल्यानंतर तिथल्या सरकारी इमारतींभोवती घाईघाईने काँक्रीटचे लांबट, खाली रुंद आणि वर निमुळते ठोकळे ठेवले गेले. हे ठोकळे महामार्गावरचे. भरकटलेली गाडी तिरकी घासून पुन्हा आपल्या मार्गिकेत वळावी, यासाठी त्यांचा आकार बेतलेला. समोरून येणाऱ्या ट्रकसाठी ते केलेलेच नाहीत. जमिनीला न बांधता नुसते ठेवले तर धडकेने फरफटत जातात. म्हणजे राजधानीला वेढा पडल्यासारखी कळा आली, आणि सुरक्षितताही पुरती मिळाली नाही. राजधानीच्या नियोजन आयोगाने २००२ मध्ये यावर स्वतंत्र आराखडा केला. त्यातला मुख्य विचार असा, की दिव्याचे खांब, बाक, कुंड्या, कठडे हे रस्त्यावर तसेही लागतात. तेच पुरेसे मजबूत करून अडसराचे काम त्यांच्याकडून करून घ्यावे.

या विचाराचे सर्वांत देखणे रूप वॉशिंग्टन स्मारकाभोवती पाहायला मिळते. १६९ मीटर उंचीचा हा दगडी स्तंभ मोकळ्या हिरवळीच्या टेकाडावर उभा आहे. त्याच्या पायथ्याशी ठोकळ्यांचे कडे पडले होते. भूदृश्यरचनाकार लॉरी ओलिन यांच्या संस्थेने ते काढून टाकले आणि उतारावर मोठ्या वळणांच्या पायवाटा आखल्या. पायवाटेला लागून ग्रॅनाइटची जेमतेम पाऊण मीटर उंचीची भिंत आहे. टेकाडाची माती तिला मागून टेकलेली असल्याने वरून पाहणाऱ्याला भिंत जाणवत नाही, हिरवळ सलग दिसते. खालून चढणाऱ्याला मात्र ती बसण्याच्या उंचीवर मिळते. वाहनाला ती ओलांडता येत नाही. अठराव्या शतकात इंग्लंडच्या जमीनदारांनी गुरे बागेत शिरू नयेत आणि खिडकीतून दिसणारे दृश्यही तुटू नये म्हणून असेच बुडते बांध घातले होते. स्मारकाभोवतीचे हे काम २००५ मध्ये पूर्ण झाले. आज तिथे ऊन खात बसलेल्या पर्यटकाला आपण सुरक्षा व्यवस्थेवर बसलो आहोत, याची कल्पनाही नसते. अडसराच्या रचनेत याहून मोठे यश नाही.

न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीट परिसरात इतकी मोकळी जमीन नाही. तिथल्या अरुंद गल्ल्यांसाठी रॉजर्स मार्व्हल या वास्तुरचनाकार संस्थेने पैलू पाडलेले कांस्याचे ठोकळे घडवले. प्रत्येक पैलूवर उजेड वेगळा पडतो आणि दुपारी कचेऱ्यांतले लोक त्यांच्यावर बसून डबा खातात. याच संस्थेने दुसरी एक युक्ती पुढे आणली : फरसबंदीखाली चुरा होणाऱ्या हलक्या काँक्रीटचा थर घालायचा. माणसांच्या वजनाने त्याला काही होत नाही, पण ट्रक आला की चाके खचतात आणि तो पुढच्या बुटक्या भिंतीशी जेरबंद होतो. लंडनमध्ये आर्सेनल फुटबॉल क्लबच्या मैदानासमोर क्लबचे नावच मोठ्या काँक्रीट अक्षरांत मांडले आहे. चाहते त्यांच्यापुढे छायाचित्रे काढतात, आणि वाहनाची वाटही बंद होते. त्याच शहरात २०१८ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकी दूतावासाला उंच तटबंदी नाही. अर्धवर्तुळाकार तळे, मातीचे चढउतार, झुडपांत दडवलेले खांब आणि इमारतीभोवती तीस मीटरचे अंतर यांवर तिथला सारा भर आहे.

मात्र देखणेपणाच्या नादात फसगतही होते. फुलांची मोठी कुंडी भक्कम दिसते, पण जमिनीला जखडलेली नसेल तर धडकेने ती स्वतःच माणसांवर घसरत जाते. झाडाचे खोड किती धक्का सोसेल, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि ऐनवेळी घाईत ठेवलेल्या ठोकळ्यांना कोणी आपले म्हणत नाही. मेलबर्नमध्ये २०१७ मध्ये असे ठोकळे रातोरात शहरभर आले, तेव्हा नागरिकांनीच त्यांना रंगीत कापडे गुंडाळून आणि चित्रे रंगवून पाहण्याजोगे केले.

उत्तम अडसराची परीक्षा काही सेकंदांत होते. १८ मे २०१७ रोजी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये एक मोटार फुटपाथवरून गर्दी चिरडत गेली. एक तरुणी मरण पावली, वीसहून अधिक जण जखमी झाले. शेवटी पोलादी खांबांवर आदळून मोटार तिरकी अडकली, तिची दोन चाके हवेत होती. खांब नसते तर ती आणखी पुढे गेली असती. पुढच्या जानेवारीत न्यूयॉर्क महापालिकेने आणखी दीड हजार खांबांसाठी पाच कोटी डॉलर जाहीर केले.

सरकते किंवा वरखाली होणारे खांब मात्र सतत निगा मागतात. अग्निशमन दलाचा बंब आणि रुग्णवाहिका आत सोडाव्या लागतात, म्हणून असे खांब लावणे भाग पडते. पण त्यांच्या खाचांत पाणी, माती आणि कचरा साचतो. न्यू ऑर्लिन्सच्या बर्बन स्ट्रीटवरचे सरकते खांब मार्डी ग्रा उत्सवात उधळल्या जाणाऱ्या मण्यांच्या माळांनी खाचा भरल्यामुळे नादुरुस्त झाले होते. ते बदलण्याचे काम अर्धवट असतानाच १ जानेवारी २०२५ च्या पहाटे एक पिकअप ट्रक त्या रस्त्यावर शिरला आणि १४ जणांचा जीव गेला.