हॉप्सचा वास ग्लासातच घालावा

बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं केव्हा घालायची, हे संगमेश्वर तालुक्यातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात ठरलेलं असतं. बिया काढून टाकायच्या, टरफलं जराशी ठेचायची आणि कालवण होत आल्यावर वरून सोडायची. कारण त्यांचा वास उडून जाणाऱ्या तेलात असतो. बिअरमधल्या हॉप्सचंही तसंच आहे. या वेलीच्या मादी फुलांत चिकट पिवळी पूड असते. तिच्यातल्या राळेतली आम्लं तासभर उकळली की रूप बदलून बिअरमध्ये उतरतात आणि तिला कडवटपणा देतात. पण त्याच पुडीतलं सुवासिक तेल तेवढ्या वेळात वाफेबरोबर निघून जातं. म्हणजे कडवटपणाला उकळी लागते आणि वासाला ती मारक ठरते.

आपल्याकडच्या बहुतेक बाटलीबंद लागर मुळातच हलक्या. त्यांत हॉप्स कमी, शिवाय तांदूळ किंवा मका यांची भर असते. बाटली भरल्यावर ती टिकावी म्हणून पुन्हा साधारण 60 अंशांपर्यंत तापवतात. मग मुंबई-गोवा महामार्गावरचा प्रवास आणि कोकणातल्या उकाड्यात दुकानातला मुक्काम. उरलासुरला वासही विरतो. म्हणून पिताना वरून हॉप्स घालणं मला केवळ हौस वाटत नाही. ज्या टप्प्यानंतर वास जायला वेळच उरत नाही, असा तो एकमेव टप्पा आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या पेल एलच्या पिंपांत सुके हॉप्स टाकत असत. अमेरिकेतल्या डॉगफिश हेड या ब्रुअरीने तर 2002 मध्ये नळ आणि ग्लास यांच्यामध्ये हॉप्सनी भरलेली नळीच बसवली.

याने बिअर कडू होत नाही, हा आक्षेप खरा आहे. थंड बिअरमध्ये ती आम्लं फारशी उतरतच नाहीत. कडूच हवी असेल त्याने दुसरी बिअर घ्यावी. ब्रुअरच्या कामात ही ढवळाढवळ आहे, असंही म्हणतात. मला ते पटत नाही. जो वास वाटेतच गेला तो परत आणण्यात ब्रुअरचा अपमान कसला? अडचण खरी येते ती करण्यात. हॉप्सच्या गोळ्या थेट बाटलीत टाकल्या तर कणाकणावर वायूचे बुडबुडे धरतात आणि निम्मी बिअर फेसासकट बाहेर येते. त्यापेक्षा चिमूटभर हॉप्स कॉफीच्या दांड्याच्या गाळणीत ठेवावेत, गार बिअर कडेने हळू ओतावी, पाचेक मिनिटांनी दांडा दाबून ग्लासात घ्यावी. चोथा मात्र अंगणात टाकू नये, कुत्र्यांना हॉप्स विषारी असतात.

हॉप्स भारतात लाहौलच्या खोऱ्यात पिकतात, कोकणात नाहीत. पण त्यांच्या तेलातला मिरसीन हा घटक परसातल्या गवती चहातही असतो. एक पात चुरगळून याच रीतीने बिअरमध्ये पाच मिनिटं ठेवली तर हॉप्सचा नव्हे, पण ताजा लिंबासारखा वास येतो. हॉप्स मिळेपर्यंत तेवढं करून बघा.