एसयूव्हीतले मोड : कोणतं बटण कुठं वापरायचं, आन् कुठं त्याच्या भरवशावर राहायचं नाही

परभणी : जिल्ह्यात आता गावोगावी एसयूव्ही दिसतात. बोलेरो, स्कॉर्पिओ आधीपासून होत्याच, त्यात थार, क्रेटा, हॅरिअरची भर पडली. गाडी घेताना शोरूममध्ये इको, स्पोर्ट, मड, सँड, फोर-एच, फोर-एल अशी बरीच नावं सांगितली जातात. घरी आल्यावर बटण दोन-चारदा फिरवून बघायचं आन् सोडून द्यायचं, असंच बहुतेकांचं होतं. मग पेरणीच्या दिवसांत पांदणीत गाडी फसली की तेच बटण आठवतं. म्हणून पावसाळ्याच्या आधीच हे नीट समजून घेतलेलं बरं.

आधी बघा, ताकद किती चाकांना जाते

मोड दोन प्रकारचे असतात. इको, सिटी, स्पोर्ट (स्कॉर्पिओ-एनमध्ये झिप, झॅप, झूम) हे फक्त अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन किती चटकन ऐकतं, ते बदलतात. मड, सँड, वेट, रफ हे चिखल-वाळूसाठीचे मोड.

इथंच बरेच जण फसतात. डिझेल हॅरिअर किंवा क्रेटामध्ये ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना जाते. मड किंवा रफ मोड लावला म्हणून मागची चाकं ओढायला लागत नाहीत. संगणक फक्त घसरणाऱ्या चाकाचा ब्रेक आन् इंजिनचा जोर सांभाळतो. थारसुद्धा दोन प्रकारची मिळते. २०२३ पासून फक्त मागच्या चाकांवर चालणारी थार आली आहे. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. गाडीत टू-एच, फोर-एच, फोर-एल असा वेगळा दांडा किंवा गोल बटण आहे का, ते बघा. थारमध्ये ते नसेल तर ती फोर बाय फोर नाही.

डांबरी रस्त्यावर

परभणी-जिंतूर असो की गंगाखेड रोड, कोरड्या रस्त्यावर टू-एच आन् नॉर्मल किंवा इको पुरेसं आहे. इकोमध्ये गाडी थोडी सुस्त वाटते. घरची पाच-सहा माणसं बसलेली असताना ऊस भरलेल्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करायचं असेल तर आधीच नॉर्मलवर या. पावसात ओल्या रस्त्यावर स्पोर्ट टाळा. थोडा पाय दाबला तरी चाक झटका मारतं.

फोर-एच मात्र कोरड्या डांबरावर लावायचं नाही. थारसारख्या गाडीत फोर-एचला पुढचा आन् मागचा एक्सल एकमेकांना जखडले जातात. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी. चिखलात चाक थोडं घसरून हा फरक भरून निघतो, डांबरावर घसरायला जागा नसते. सगळा ताण गिअर, शाफ्ट आन् टायरवर येतो. फोर व्हील ट्रॅक्टर रस्त्याला लागला की आपण पुढचा एक्सल सोडतो, त्याचं कारणही हेच.

काळ्या मातीत

आपली माती वेगळी आहे. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आन् टायरच्या खाचांत बसते. दहा-वीस फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतं. मग चार चाकं फिरली तरी चारही घसरतात.

साध्या मोडमध्ये चाक घसरलं की संगणक इंजिनचा जोर कमी करतो. रस्त्यावर ते चांगलं, चिखलात गाडी तिथंच थांबते. मड मोड चाकाला थोडं जास्त फिरू देतो, म्हणजे खाचांतली माती बाहेर फेकली जाते. म्हणून :

- पांदणीत शिरायच्या आधीच फोर-एच किंवा मड मोड लावा. फसल्यावर लावून फायदा कमी.
- दुसऱ्या गिअरमध्ये एकसारखा वेग ठेवा. मध्ये थांबू नका, एकदम रेस करू नका.
- गाडी पुढं सरकत नसेल तर लगेच पाय काढा. चाक जागेवर फिरवाल तितकं खाली जाईल.
- आल्या चाकोरीनं हळू मागं घ्या. चाकापुढची माती खोऱ्यानं काढा, खाली पऱ्हाट्या किंवा फळी टाका.

फोर-एल म्हणजे ट्रॅक्टरचा लो

ट्रॅक्टरचा हाय-लो दांडा ज्याला कळतो त्याला फोर-एल शिकवायची गरज नाही. वेग दोन-अडीच पट कमी, जोर तितकाच जास्त. फसलेली गाडी काढायला, मोठा चढ चढायला, उतारावर इंजिनच्या जोरावर हळू उतरायला हा उपयोगी. गाडी पूर्ण थांबवून, न्यूट्रलमध्ये आणूनच लावायचा. मऊ चिखलात फोर-एलचा पहिला गिअर टाळा. जोर एवढा येतो की चाक लगेच घसरतं.

पुलावरून पाणी असेल तर कोणताच मोड नाही

सगळ्यात महत्त्वाचं हेच. दुधना, पूर्णा, करपरा किंवा गावाकडचा एखादा ओढा, पुलावरून पाणी गेलं की ‘आपली फोर बाय फोर आहे’ म्हणून गाडी घालणारे दिसतात. साधा हिशोब करा. गाडी चार मीटर लांब, पावणेदोन मीटर रुंद, म्हणजे सात चौरस मीटर. गाडीच्या तळापासून पाणी दहा सेंटिमीटर चढलं की ते सातशे किलो वजन उचलतं. तीस सेंटिमीटर चढलं की दोन टनांची गाडी तरंगायला लागते. तळ जमिनीपासून वीस सेंटिमीटर धरला तरी एकूण पाणी गुडघाभरच होतं. वाहतं पाणी तर त्याच्या आधीच गाडी आडवी ढकलतं.

फोर बाय फोरची सगळी ताकद टायर जमिनीला धरतं म्हणून कामी येते. पाण्यानं वजन उचललं की धरायला काही उरत नाही. कंपन्या पाण्याची जी खोली सांगतात (थारला ६५० मिलिमीटर) ती संथ पाण्यासाठी, खालचा रस्ता पक्का असेल तेव्हाची. पुराच्या पाण्याखाली पूल शाबूत आहे की वाहून गेला, हे वरून दिसत नाही. पाणी उतरेपर्यंत थांबा, नाहीतर लांबून जा. कुणी अडकलं असेल तर ११२ वर फोन करा.

शेवटचं एक काम. फोर बाय फोर असेल तर महिन्यातून एकदा वावरातल्या मऊ मातीत फोर-एच, फोर-एल लावून थोडी चालवा. आतलं ऑइल फिरतं, दांडा जाम होत नाही. आन् घरातला जो कुणी गाडी चालवतो, त्यालाही तेव्हाच शिकवून ठेवा.