विश्लेषण : मुलांचे मन शिक्षकांपुढे मोकळे का होत नाही?

गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेने बिहारमधील नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी शाळांत ‘सेहेर’ हा प्रयोग केला. मनातले लिहून टाकायची पेटी, भित्तिपत्रक, एकेकट्याशी बोलणे असा कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांनी राबवला, तर काहींत प्रशिक्षण दिलेल्या, पण मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या समुपदेशकांनी. उरलेल्या शाळा तुलनेसाठी होत्या.

२०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ने निष्कर्ष छापले. समुपदेशक असलेल्या शाळांत नववीच्या मुलांमधील नैराश्याची लक्षणे आणि दादागिरी आठ महिन्यांत घटली. शिक्षकांच्या शाळांत मात्र फरक दिसला नाही. यात शिक्षकांना दोष देणे सोपे आहे. पण जो गुण देतो, हजेरी घेतो, त्याच्यापाशी घरातले दुखणे कोण उघडे करील? त्यात वर्ग, परीक्षा आणि निवडणुकीची कामे त्यांच्याच गळ्यात.

दुसऱ्या वर्षीच्या मोजणीत समुपदेशकांच्या शाळांतील फरक आणखी वाढलेला आढळला.