कातडी पादत्राणांची निगा

कातडी पादत्राणांची निगा म्हणजे चपला, बूट इत्यादींचे कातडे स्वच्छ, कोरडे व मऊ राखण्याची रीत होय. कातडे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचे बनलेले असते. तंतूंमधील स्निग्धांश टिकला तर ते लवचीक राहते. तो गेला की जेथे वाकते तेथेच तडकते.

कोल्हापुरी चप्पल हे याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या चपलेचे कातडे बाभळीची साल व हिरडा वापरून कमावतात आणि तिची शिवण कातडी वादीची असते. असे कातडे पाणी चटकन शोषते. तळ फुगतो, वादी सैल पडते. त्यामुळे पावसाळ्यात ती न वापरणेच इष्ट. भिजल्यास कोरड्या फडक्याने टिपून सावलीत, वाऱ्यावर वाळवतात. उन्हात वा चुलीजवळ वाळवलेले कातडे आकसून कडक होते. मग तेलानेही ते पूर्ववत होत नाही.

यावल, भुसावळ या खानदेशी पट्ट्यात पावसाहून उन्हाळा अधिक घातक म्हणावा लागेल. मे महिन्यात तेथे पारा ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जातो. अंगणात उन्हात सोडलेला जोड लवकर कोरडा पडतो. अशा वेळी आधी धूळ झटकून खोबरेल तेलाचा अगदी हलका हात देतात. तेल अधिक झाल्यास कातडे काळवंडते, ढिले पडते आणि धूळ धरते. मेणयुक्त पॉलिशने चकाकी येते, पण सुकलेले कातडे त्याने मऊ होत नाही. पावसाळ्यात जोड कापडी पिशवीत ठेवतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडून बुरशी येते.