तुटलेल्या धाग्याचे टोक

भरतकामाच्या यंत्रावर धागा तुटला की आधी त्याचे टोक भिंगाखाली पाहावे. टोक पिंजलेले असेल तर धागा कुठेतरी घासतो आहे. ते गुंडाळलेले दिसले तर ताण जास्त, आणि कापल्यासारखे सरळ असेल तर हुकावर किंवा सुईखालच्या पट्टीवर धारदार ओरखडा असण्याची शक्यता मोठी.

बहुतेक वेळा दोष सुईचाच निघतो. टाका बसण्यापूर्वी धाग्याचा तोच भाग नेढ्यातून अनेकदा वरखाली सरकतो, त्यामुळे नेढ्यातला बारीकसा खडबडीतपणाही त्याला सोलून काढतो. म्हणून ताणाच्या चकत्यांना हात लावण्याआधी सुई बदलावी. हाच सर्वांत स्वस्त उपाय. चाळीस नंबरच्या रेयॉन धाग्याला ७५/११ ची सुई चालते. ब्लाऊजवरच्या जरीला मात्र मोठ्या नेढ्याची ९०/१४ ची सुई आणि कमी वेग लागतो.

त्यानंतर धागा पुन्हा ओवावा, तोही दाबपट्टी वर उचलून. ती खाली असली तर धागा चकत्यांमध्ये बसतच नाही. हुकाजवळचा कापसाचा भुगा ब्रशने काढावा.

तरीही धागा तुटत असेल तर रीळ पाहावे. खिडकीतल्या उन्हात ठेवलेल्या रिळाचा धागा हळूहळू कमजोर होतो. असा धागा हातानेही सहज तुटतो. तो बाजूलाच काढावा.