वकिलाचें कवच आणि मोलकरणीची फिर्याद

परराज्याच्या वकिलाच्या अंगास हात लावूं नये, हा नियम युरोपानें आम्हांस शिकविला असें समजण्याचें कारण नाहीं. लंकेंत बिभीषणानें रावणास हेंच सांगितलें. रावणानें मारुतीचा प्राण न घेतां शेपटीवर भागविलें, आणि तेवढेंही त्यास महाग पडलें! खुद्द महाराष्ट्रास हा धडा १८१५ सालीं मिळाला. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पुण्यास आले असतां पंढरपुरास त्यांचा खून झाला. त्रिंबकजी डेंगळ्यास इंग्रजांच्या हवालीं करावें लागलें, आणि तीन वर्षांत पेशवाईच बुडाली. तेव्हां संरक्षणाच्या तत्त्वाशीं आमचें भांडण नाहीं. त्याच्या आड दडणाऱ्यांशीं आहे.

१९६१ च्या व्हिएन्ना कराराप्रमाणें, व आमच्या १९७२ च्या कायद्यानें, वकिलास अटक होत नाहीं व त्यावर फौजदारी खटला चालत नाहीं. परंतु त्याच करारांत ४१ वें कलम आहे: यजमान देशाचे कायदे पाळणें हें वकिलाचें कर्तव्य होय. ही सवलत व्यक्तीच्या सुखासाठीं नाहीं, असें प्रस्तावनेंतच म्हटलें आहे. आणि ३२ व्या कलमान्वयें ती सोडून देण्याचा अधिकार त्याच्या सरकारास आहे. म्हणजे कवच सरकारच्या मालकीचें, वकील नुसता अंगावर घालणारा. (व्यापाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं वकिलानें खासगी व्यापार केल्यास त्यापुरता दिवाणी दावा चालतो, मात्र हुकूमनामा मिळाला तरी त्याच्या शरीरास वा राहत्या घरास हात लावितां येत नाहीं.)

सरकारनें मनांत आणलें तर काय होतें, हें १९९७ सालीं वॉशिंग्टनांत दिसलें. जॉर्जियाच्या एका वकिलानें मद्याच्या अमलांत मोटार हांकून सोळा वर्षांच्या मुलीचा जीव घेतला. जॉर्जियानें कवच काढून घेतलें व त्यास सात ते एकवीस वर्षांची शिक्षा झाली. जॉर्जियाची भिस्त अमेरिकेच्या मदतीवर होती हें खरें; पण म्हणून न्याय झाला नाहीं असें कोण म्हणेल? उलट २०१५ सालीं गुरगांवांत दोन नेपाळी मोलकरणींनीं सौदी वकिलातींतील अधिकाऱ्यावर कोंडून ठेवल्याचे व बलात्काराचे आरोप केले. अधिकारी देश सोडून गेला. आमच्या न्यायासनापुढें आरोपांची शहानिशा झालीच नाहीं.

येथें आम्हांस आमच्याच लोकांस दोन शब्द सुनावले पाहिजेत. २०१३ सालीं न्यूयॉर्कांत आमच्या उपवाणिज्यदूत बाईंस अटक झाली, तेव्हां देश पेटला. दिल्लींतील अमेरिकन वकिलातीपुढचे अडसर उचलले गेले. बाईंच्या झडतींतील विटंबनेचा निषेध योग्यच होता. पण जिच्या वेतनावरून तो तंटा उपस्थित झाला ती मोलकरीणही हिंदीच होती. तिच्यासाठीं किती सभा भरल्या? गोऱ्यांस वेगळा न्याय असण्याचा अपमान इल्बर्ट बिलाच्या वेळीं, १८८३ सालीं, ज्यांच्या वडिलांनीं सोसला, त्यांनीं तरी हा प्रश्न टाळूं नये.

आमची मागणी साधी आहे. गंभीर आरोप येतांच परराष्ट्रखात्यानें कवच काढण्याची मागणी लेखी करावी व उत्तर प्रसिद्ध करावें. नकार आल्यास नवव्या कलमानें त्या इसमास परत पाठवावें, आणि स्वदेशीं त्याची चौकशी व्हावी असा तगादा लावावा. वकील आपल्या देशाच्या न्यायालयांतून मुक्त नाहीं, हें करारांतच आहे. हाच नियम आमच्या वकिलांसही लागू करावा. आणि राज्याच्या सोयीसाठीं ज्या मोलकरणीची फिर्याद बुडते, तिची भरपाई राज्याच्या तिजोरींतून व्हावी. तो बोजा तिच्या पदरांत कां?