बहात्तरपट लहान मिग

विमानांच्या मॉडेलमध्ये १:७२ या प्रमाणात सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. नाशिकजवळ ओझरला बनलेल्या मिग-२१ चे ७.१५ मीटरचे पंख १० सेंटिमीटरच्या आत येतात. मॉडेलचे तुकडे चिकटवणं त्या मानाने सोपं. खरी परीक्षा रंगाची. थर ०.१ मिलिमीटर जाड झाला, तर खऱ्या विमानावर तो सात मिलिमीटरचा गिलावाच ठरेल! म्हणून रंग पातळ करून एअरब्रशने धुक्यासारखा फवारायचा.

डब्यातली छटाही जशीच्या तशी चालत नाही. दूरचं विमान फिकट दिसतं म्हणून रंगात थोडा पांढरा मिसळा, असं जुने हौशी सांगतात. मला दुसरं कारण अधिक पटतं: घरातला उजेड उन्हापेक्षा कितीतरी मंद असतो, त्यात गडद हिरवा काळाच वाटतो.

हवाई दलाच्या तिरंगी चक्रांचे डेकल (छापील चिकटचित्रं) पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायचे, पण त्याआधी चकचकीत वॉर्निशचा हात हवाच. खरखरीत रंगावर डेकलखाली हवा अडकते आणि चंदेरी झाक उमटते. माझ्या पहिल्या मिगवर ती अजून आहे.

आणि हो, फवारताना खिडकी उघडी ठेवा, मास्क लावा.